पाटी नसलेली होडी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मिशिगनहून भाच्याचा फोन आला. त्याने एक जुनी शिडाची होडी विकत घेतली होती. १४ फुटी, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडं. ट्रेलरसकट सौदा स्वस्तात पटला होता. आधीच्या मालकाने शिडं घडी करून दिली, दोऱ्यांचं एक भेंडोळं हातात ठेवलं आणि निरोप घेतला. माहितीपुस्तक वगैरे काही नव्हतं.

"मामा, हिच्यात माणसं किती बसवायची तेच कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "शेजाऱ्याच्या मासे पकडायच्या बोटीवर चक्क पाटी आहे. चार माणसं किंवा ५०० पौंड. माझ्या होडीवरची पाटी कुणी उपटली की काय?"

कुणी उपटली नव्हती. ती कधी नव्हतीच. अमेरिकेचा जो नियम शेजाऱ्याच्या बोटीवर पाटी लावायला भाग पाडतो, तोच नियम शिडाच्या होडीला नाव घेऊन वगळतो. हे कळल्यावर भाचा जरा चिडला. "म्हणजे मोटर असली तर माणसं मोजायची आणि वारा असला तर देवावर हवाला?" प्रश्न रास्त होता. फोनवर मी त्याला जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. हे प्रकरण म्हणजे त्याचीच भरपाई.

आधी शेजाऱ्याची पाटी पाहू. अमेरिकेत छोट्या बोटींसाठीचा १९४० सालचा कायदा मुख्यतः बोट चालवणाऱ्याकडे बघायचा. तुझ्याकडे दिवा आहे का, जॅकेट आहे का, आग विझवायचं साधन आहे का? बोट मुळात कशी बांधली आहे, याची चौकशी त्यात नसल्यासारखीच होती. १९७१ च्या संघीय नौकासुरक्षा कायद्याने प्रथमच बांधणाऱ्याची मानगूट धरली. बोटी कशा बांधायच्या याचे नियम ठरवायचा अधिकार कोस्ट गार्डला मिळाला आणि १ नोव्हेंबर १९७२ पासून २० फुटांहून कमी लांबीच्या, एकाच बुडाच्या बोटींवर क्षमतेची पाटी सक्तीची झाली. वगळलं ते शिडाच्या होड्यांना, कनू आणि कयाकना आणि हवा भरून फुगवायच्या बोटींना. दोन बुडांची कॅटॅमरन तर 'एकाच बुडाच्या' या शब्दांनीच बाहेर राहिली.

पाटीवर मजकूर थोडाच असतो. माणसं किती, किंवा त्यांचं एकूण वजन किती पौंड. मग माणसं, मोटर आणि सामान मिळून किती पौंड. मागे टांगायची, म्हणजे आउटबोर्ड मोटर असेल तर ती जास्तीत जास्त किती अश्वशक्तीची. बोट सुरू करताना चालवणाऱ्याला सहज दिसेल अशा जागी ही पाटी हवी. नियमातलं एक कलम मला फार आवडतं. पाटी पाणी, तेल, खारे तुषार, ऊन, उष्णता, थंडी आणि रोजची झीज सोसूनही वाचता आली पाहिजे, आणि कुणी ती काढायचा किंवा आकडा बदलायचा प्रयत्न केला तर त्याचा माग राहिला पाहिजे. हे लिहिणाऱ्या कारकुनाला माणसांचा चांगलाच अनुभव असावा.

आता त्या आकड्याचं गणित. ते किचकट नाही, आणि एकदा कळलं की पाटीकडे बघायची नजर बदलते.

एक रिकामी बोट शांत तळ्यात ठेवली आणि तिच्यात वाळूच्या पिशव्या सारख्या पसरून भरत गेलो, असं समजा. बोट सपाटच खाली चालली आहे. काठावरून पाणी आत येण्याच्या अगदी बेतात असताना तिने जेवढं पाणी बाजूला सारलेलं असतं, त्याचं वजन म्हणजे तिचं कमाल विस्थापन. आर्किमिडीजच्या नियमाने तेवढं वजन पाणी उचलून धरतं. त्यातून बोटीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते बुडण्याच्या सीमेवरचं ओझं. आउटबोर्ड बोटीसाठी नियम सांगतो की यातला फक्त पाचवा हिस्सा पाटीवर लिहा. कमाल विस्थापन ४,००० पौंड आणि बोट ४०० पौंडांची असेल तर उरले ३,६००. पाटीवर येतील ७२०. बाकीचे चार हिस्से लाटेसाठी, वळणासाठी आणि मनुष्यस्वभावासाठी सोडलेले.

पण छोटी बोट अशी सपाट, शहाण्यासारखी बुडत नाही. ती कलते. म्हणून माणसांचा आकडा वेगळ्या कसोटीतून काढतात. बसायच्या जागेच्या एका कडेला, आसनाच्या उंचीवर वजनं ठेवत जायचं. बोट त्या बाजूला झुकत जाते. पाणी काठाशी टेकलं की थांबायचं आणि ठेवलेल्या वजनाला ०.६ ने भागायचं. ३०० पौंडांत पाणी काठाला लागलं तर माणसांची मर्यादा ५०० पौंड. दुसऱ्या शब्दांत, कायदा असं धरून चालतो की बोटीतल्या माणसांचं साठ टक्के वजन कधी ना कधी एकाच काठावर जाणार. गळाला मोठा मासा लागल्यावर बोटीत काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे अतिशयोक्त वाटणार नाही. आणि कोकणात ज्यांच्या घरी रामदास बोटीची आठवण अजून निघते त्यांना तर नाहीच. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती आगबोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळी समुद्र, लाटेचा तडाखा आणि घाबरून एका अंगाला धावलेली माणसं, असंच त्या दिवसाचं वर्णन पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. ती शेकडो माणसांची आगबोट, ही चार माणसांची होडी; पण माणसं एका बाजूला गेली की पाणी दोघींना एकच न्याय लावतं.

५०० पौंडांची माणसं म्हणजे माणसं किती? यासाठीही सूत्र आहे. ५०० मध्ये ३२ मिळवा, १४१ ने भागा, जवळचा पूर्णांक घ्या. ५३२ भागिले १४१ म्हणजे ३.७७. पाटीवर लिहा, चार. शेजाऱ्याची पाटी नेमकी हीच.

इथे मात्र सावध व्हायला हवं. १४१ पौंड म्हणजे ६४ किलो. आजच्या प्रौढ अमेरिकन पुरुषाचं सरासरी वजन ९० किलोच्या घरात आहे. असे चार पुरुष शेजाऱ्याच्या बोटीत बसले की झाले ३६० किलो, म्हणजे जवळजवळ ८०० पौंड. मोटर आणि बर्फाची पेटी चढायच्या आधीच माणसांची ५०० पौंडांची मर्यादा ओलांडली गेली. पाटीवर 'चार माणसं किंवा ५०० पौंड' लिहिलेलं असतं त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द 'किंवा' हाच. दोहोंपैकी जे आधी भरेल तिथे थांबायचं. लोक पहिला आकडा वाचतात आणि उरलेली ओळ सोडून देतात.

माणसाचं वजन जुनं धरलं तर काय होतं याचा सगळ्यात क्रूर धडा न्यूयॉर्क राज्यात मिळाला. २ ऑक्टोबर २००५ च्या दुपारी लेक जॉर्ज या सरोवरात 'ईथन ॲलन' नावाची सहलीची बोट ४७ प्रवाशांसह निघाली. बहुतेक जण वयस्क, शरद ऋतूतली रंगलेली झाडं बघायला आलेले. एका लाटेवर बोट कलली, माणसं एका बाजूला घसरली आणि बोट काही क्षणांत उलटली. २० जण बुडाले. बोटीच्या परवान्यावर प्रवासी लिहिले होते ४८. म्हणजे कागदोपत्री एक जागा शिल्लक होती! केंद्रीय चौकशी मंडळाने गणित नव्याने मांडलं. परवान्यातला ४८ हा आकडा माणशी १४० पौंड धरून आला होता, आणि मधल्या काळात बोटीवर लाकडी छत चढलं होतं. त्याने तिचा गुरुत्वमध्य वर सरकला होता. ती बोट सुरक्षितपणे नेऊ शकली असती अशा माणसांचा खरा आकडा निघाला फक्त १४. पुढे डिसेंबर २०११ पासून कोस्ट गार्डने प्रवासी बोटींसाठी माणशी वजन १६० वरून १८५ पौंड केलं. घरगुती छोट्या बोटींच्या पाटीतलं १४१ मात्र वेगळ्या नियमातलं आहे. ती पाटी वाचणाऱ्याने आपल्या माणसांची वजनं आपणच मांडायची.

तर मोटरबोटीला पाटी का, हे कळलं. मग शिडाच्या होडीला का नाही?

कायद्यात शिडाच्या होडीची व्याख्या एका ओळीची आहे. जिची मुख्य चालना शिडाने व्हावी असा हेतू ठेवून ती बनवली आहे, ती शिडाची होडी. ती किती मोठी, किती सुरक्षित, याचा संबंध नाही. आता तीच काठाची कसोटी हिला लावून बघा. शांत पाणी, एका कडेला वजन, बोट कलते, पाणी काठाला लागतं. मोटरबोटीत ही धोक्याची घडी. शिडाच्या होडीत ही रोजची सकाळ. वारा शिडावर बाजूने रेटतो, होडी एका अंगावर झुकते, आणि आतली माणसं उलट्या काठावर जाऊन बसतात. वारा वाढला तर पायांना पट्टे अडकवून अंग काठाबाहेर पाण्यावर झोकून देतात. इथे माणूस हा होडीतलं ओझं राहत नाही. तो तिच्या तराजूचा हलता काटा होतो. कोकणात मच्छिमारांच्या काही होड्यांना बाजूला उलांडी असते, तिचं कामही असंच, होडीला तोलून धरायचं. श्रीलंकेतल्या उलांडीच्या होड्यांवरचे कोळी तर वाऱ्याचा जोरच माणसांत मोजत, असं एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. उलांडीवर एक माणूस चढवावा लागला तर एका माणसाचा वारा, दोन लागले तर दोन माणसांचा. क्षमतेच्या पाटीने 'जास्तीत जास्त किती' एवढंच विचारलं. हे कोळी 'कमीत कमी किती' असं विचारत होते, आणि शिडाच्या होडीत तो प्रश्न आधीचा आहे.

वजनांवरून हे आणखी स्पष्ट होतं. ऑलिम्पिकमध्ये एकट्या माणसाने चालवायची जी होडी अनेक वर्षं लेझर या नावाने ओळखली गेली, तिचं बूड ५९ किलोंचं आहे. ती मोठ्या शिडाने चालवणारा खेळाडू ८० किलोंच्या आसपास असतो. माणूस होडीपेक्षा जड! ऑप्टिमिस्ट नावाची मुलांची होडी १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरमध्ये क्लार्क मिल्स यांनी आखली. हिचं नाक चपटं, अंग पेटीसारखं, बुडाचं वजन ३५ किलो. मुंबईच्या समुद्रात आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर मुलं याच होडीत हात बसवतात. तिच्यात बसणारं मूल बहुधा होडीइतकंच किंवा तिच्याहून जड. अशा ठिकाणी 'कमाल विस्थापन वजा बोट, भागिले पाच' हे गणित मांडता येतं, पण त्यातून निघालेला आकडा कुणाच्या कामाचा नसतो. १४ फुटी होडी शांत पाण्यात पाच माणसं आरामात तोलून धरेल. वारा सुटला की त्या पाचांतल्या तिघांना दोऱ्या आणि शिडाखालची आडवी काठी चुकवताना हलायलाही जागा उरणार नाही, आणि ज्या क्षणी वजन दुसऱ्या काठावर न्यायचं त्या क्षणी ते एकमेकांच्या पायात येतील.

आणखी एक गोष्ट. छोटी शिडाची होडी उलटणारच, हे धरूनच ती बांधलेली असते. तिच्या पोटात हवेचे बंद कप्पे असतात किंवा फुगवलेल्या पिशव्या बांधलेल्या असतात. ती आडवी झाली की चालवणारा पोहत बुडाकडे जातो, तळातून खाली काढलेल्या फळीवर उभा राहतो आणि आपल्या वजनाने डोलकाठी पाण्यातून वर आणतो. शिकाऊ मुलं हे दिवसातून दहा वेळा करतात आणि हसत परत चढतात. होडी उभी राहते तेव्हा तिच्यात पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्याला दोन्हीकडे हेलकावायला मोकळी जागा असते. अशा डुचमळत्या होडीत एक जण चढू शकतो, दुसरा चढू शकतो. चौथा चढायला गेला की ती पुन्हा आडवी. माझं मत विचाराल तर शिडाच्या छोट्या होडीची खरी क्षमता एवढीच आहे. उलटल्यावर जितकी माणसं तिला बाहेरच्या मदतीशिवाय उभी करून पुन्हा तिच्यात चढू शकतात, तितकीच.

म्हणून कायद्यातली ही सूट मला तर्काला धरून वाटते. पण लोक तिचा अर्थ भलताच लावतात. पाटी नाही म्हणजे मर्यादा नाही!

४ जुलै २००२. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, संध्याकाळी आतषबाजी. व्हरमाँट राज्यात लेक शँप्लेनच्या मॅलेट्स उपसागरात एक २६ फुटी शिडाची नौका ११ माणसांना घेऊन गेली. त्यांत मुलंही होती. शिडं उतरवलेली, नौका मोटरवर चालली होती. ही पाण्याच्या नीरमाची नौका होती. नीरम म्हणजे बोट सरळ राहावी म्हणून तळाशी भरायचं वजन. जुन्या गलबतांत दगड भरत, मोठ्या नौकांच्या कण्याखाली शिसं असतं. ट्रेलरवरून ओढायच्या हलक्या नौकेत शिसं परवडत नाही, म्हणून तिच्या तळाशी टाकी ठेवतात. पाण्यात उतरल्यावर टाकी भरून घ्यायची, परत नेताना रिकामी करायची. टाकी भरलेली असली तर नौका कलूनही परत उभी राहते. भरलेली नसली तर ती उंच, हलकी आणि लहरी असते. त्या रात्री टाकी पूर्ण भरलेली नव्हती. नौका उलटली आणि केबिनमध्ये अडकलेली दोन मुलं बुडाली.

इथे सक्तीची पाटी दोन कारणांनी नव्हती. नौका शिडाची होती आणि २० फुटांहून लांब होती. पण पाटी असती आणि तिच्यावर आकडा असता, तरी तो कोणत्या नौकेचा? भरल्या टाकीच्या की रिकाम्या? एकाच नौकेच्या क्षमता दोन होत्या आणि त्यांतली त्या रात्री खरी कोणती हे नळाची एक कळ ठरवत होती. ईथन ॲलनवर आकडा होता आणि तो चुकीचा होता. इथे आकडाच नव्हता. बुडणाऱ्याला फरक पडला नाही.

युरोपने हाच पेच दुसऱ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न केला. तिथे १९९४ साली हौशी नौकांसाठी एक निर्देश निघाला. २०१३ च्या निर्देशाने पुढे त्याची जागा घेतली. अडीच मीटरपासून २४ मीटरपर्यंतच्या नौकांना तो लागू आहे, आणि शिडाच्या होड्यांना त्यातून सूट नाही. युरोपची पाटी माणसांची संख्या आणि ओझं सांगते, पण त्याआधी एक अक्षर सांगते. ए, बी, सी किंवा डी. डी म्हणजे बोफर्ट मापावर चारपर्यंतचा वारा, ताशी २८ किलोमीटरच्या आत, आणि लाटा साधारण ३० सेंटिमीटर, अधूनमधून अर्धा मीटर. सी म्हणजे सहापर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा. बीमध्ये आठपर्यंतचा वारा आणि चार मीटरपर्यंतच्या लाटा. ए त्याच्याही पलीकडे, वादळाचा अपवाद सोडून. काही होड्यांच्या पाटीवर एकाच होडीचे दोन आकडे दिसतात, सी वर्गात तीन आणि डी वर्गात चार. त्याच होडीत शांत खाडीत चार जण बसा, मोकळ्या उपसागरात जायचं तर एकाला किनाऱ्यावर ठेवा. माणशी वजन ते ७५ किलो धरतात.

सहा मीटरहून लहान शिडाच्या होड्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ज्या कसोट्या आहेत, त्यांतली एक मला आपल्या भाच्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर वाटते. होडी पाण्यात मुद्दाम उलटवायची आणि तिच्याबरोबरच्या माणसांना ती पुन्हा उभी करता येते का, हे प्रत्यक्ष करून बघायचं. वाळूच्या पिशव्यांऐवजी माणसं. गंमत अशी की केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, आणि तसं बांधणाऱ्याने लिहून दिलेल्या होड्या या निर्देशातून बाहेर आहेत. सगळ्यात जास्त वेळा उलटणाऱ्या होड्या त्याच!

भाच्याच्या होडीवर मात्र अगदीच काही लिहिलेलं नव्हतं असं नाही. मी त्याला मागच्या पाटावर, उजव्या हाताला, वरच्या कडेजवळ बघायला सांगितलं. तिथे १२ अक्षरांचा एक क्रमांक कोरलेला सापडला. हा होडीच्या बुडाचा ओळख क्रमांक. १९७२ पासून तो शिडाच्या होडीलाही चुकलेला नाही. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची, पुढची पाच त्याने दिलेल्या अनुक्रमांकाची. शेवटची चार होती एफ ९८९. ए म्हणजे जानेवारी धरून एफ म्हणजे जून. ९ म्हणजे ९ ने संपणारं साल. ८९ हे मॉडेलचं वर्ष. जून १९८९. "म्हणजे ही माझ्याहून मोठी आहे की," भाचा म्हणाला. हाच क्रमांक होडीवर आणखी एका जागी असतो, पण सहज दिसणार नाही असा, आतल्या अंगाला. चोराने मागचा खरवडला तरी आतला राहावा म्हणून. बांधणाऱ्याने कधी होड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या तर याच क्रमांकाने कळतं, आणि त्याच्या आधाराने जुनं माहितीपुस्तकही मिळवता येतं. भाच्याला ते पंधरा दिवसांत मिळालं. त्यात बांधणाऱ्याने माणसांचा आकडा सुचवला होता. चार.

डोलकाठीच्या बुंध्याशी दुसरा एक चिकटवलेला कागद होता, उन्हाने पांढरा पडलेला. मजकूर जेमतेम लागत होता. वरच्या विजेच्या तारांपासून सावध राहा. अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी विजेची उत्तम वाहक, आणि धोका पाण्यापेक्षा पार्किंगमध्ये जास्त. लोक डोलकाठी उभी करतात, सगळं सजवतात आणि ट्रेलर ढकलत धक्क्याकडे निघतात, वर न बघता. शिडाच्या होडीवरच्या सगळ्या लेबलांत मला हे सगळ्यात गरजेचं वाटतं. हे लेबल टिकलं नव्हतं.

उरतं ते जॅकेटचं लेबल. अमेरिकेत माणशी एक, अंगात घालता येईल असं आणि मापाचं जॅकेट होडीत हवंच. तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलं हवं, आणि त्यातही राज्याराज्यांत फरक आहेत. होडी १६ फूट किंवा त्याहून मोठी असेल तर फेकायचं तरंगतं साधनही लागतं, १४ फुटीला नाही. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोंची उचल. एवढी कशाला, असं वाटेल, पण माणूस पाण्यात आधीच जवळजवळ तरंगत असतो. डोकं वर ठेवायला बहुतेक प्रौढांना तीन ते साडेपाच किलोंची जादा उचल पुरते. मग जास्त न्यूटन ते चांगलं का? इथेही शिडाची होडी वेगळं सांगते. १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणं करतं, पण ते इतकं जाड असतं की आडव्या काठीखालून वाकता येत नाही आणि उलटलेल्या होडीवर चढताना पोटाशी अडतं. म्हणून छोट्या होड्यांत ५० किंवा ७० चं घालतात. त्यावर वळणाऱ्या बाणावर फुली मारलेलं चिन्ह असतं. अर्थ असा, की हे तुमचं तोंड आपोआप वर करणार नाही. पोहणं आणि शुद्धीवर राहणं तुमच्याकडे. अंधार पडायच्या आत परतायचं, हेही मी भाच्याला सांगितलं. सात मीटरहून लहान शिडाच्या होडीला लाल-हिरवे दिवे शक्य नसतील तर हाताशी पांढरा टॉर्च ठेवून वेळेवर दाखवला तरी चालतो, अशी आंतरराष्ट्रीय नियमांत सवलत आहे. सवलतच ती, मोठ्या बोटीच्या चालकाला तो टॉर्च दिसेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही.

भाच्याने जुलैच्या शेवटी, पाणी कोमट झाल्यावर, मी सांगितलं तसं केलं. छातीभर पाण्याच्या थोडं पुढे जाऊन, जवळ मित्राची मोटरबोट उभी ठेवून, होडी मुद्दाम आडवी पाडली. तो आणि त्याची बायको, दोघांनी ती दुसऱ्या प्रयत्नात उभी केली आणि दोघंही चढले. थोरल्या मुलीला घेऊन केलं, जमलं. धाकटीसह चौघं होते तेव्हा होडी तीनदा उभी राहिली आणि तीनदा पुन्हा आडवी झाली. शेवटी धाकटीला मित्राच्या बोटीत द्यावं लागलं. बायको एकटी असताना होडी उभी करायला तिचं वजन पुरलं नाही.

संध्याकाळी त्याने आतल्या पाटावर काळ्या मार्करने लिहिलं: कमीत कमी २, जास्तीत जास्त ३. पुढच्या उन्हाळ्यात होडी बाहेर काढली तेव्हा ते पुसट झालं होतं. पाटी ऊन-पाण्यात टिकलीच पाहिजे, हे कलम त्याला तेव्हा पटलं. आता तो दर मे महिन्यात नव्याने लिहितो.